झेनला कोन फिल्टर: गाडी पळते का, आणि ते मोजायचं कसं?

‘पेट पास झालो, सिनॉप्सिस लिहायचंय, विषय सुचत नाही’ असे मेसेज मला नेहमी येतात. मागे आलेला एक मात्र वेगळा होता. यवतमाळचाच मुलगा, मेकॅनिकलचा. घरी वडिलांची जुनी मारुती झेन आहे, ती रोज घाटंजी रस्त्यावर चालते. त्याला गाडीचा मूळ एअर फिल्टरचा काळा डबा काढून तिथे बाजारात मिळणारा शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, म्हणजे सगळे ‘कोन फिल्टर’ म्हणतात तो, लावायचा होता. आणि जमलं तर ‘जुन्या गाडीच्या कामगिरीवर आफ्टरमार्केट इनटेकचा परिणाम’ असा विषयही करायचा होता. विचारलं एवढंच होतं, की विषय चालेल का?

विषय चालेल. पण ‘कामगिरी’ या एका शब्दात तीन वेगवेगळे प्रश्न लपलेत आणि तिघांची उत्तरं वेगवेगळ्या दिशेला जातात. ताकद वाढते का, मायलेज वाढतं का आणि इंजिन टिकतं का. दुकानदार पहिल्याचं उत्तर देतो, गिऱ्हाईक दुसऱ्याची आशा धरतं, आणि तिसरा कुणी विचारतच नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या उदाहरणाकडे नीट बघावं असं मला वाटतं, कारण यात लागणारं सगळं गणित बारावीचं आहे आणि घसरायच्या जागा मात्र पीएचडीच्या आहेत.

आधी इंजिन श्वास किती घेतं ते बघू. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला अकराएक किलो हवा. मे महिन्यातल्या यवतमाळच्या दुपारी एक घनमीटर हवा जेमतेम १.०५ किलो भरते. तेव्हा एक लिटर पेट्रोलमागे झालं सुमारे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर हवा. उन्हाळ्यात गावात पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तसा अख्खा टँकरभर हवा एका लिटरला. ही सगळी हवा हातभर लांबीच्या फिल्टरमधून जाते. झेनचं इंजिन ९९३ सीसीचं. ते ५,५०० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर फिरत असेल तर मिनिटाला दोन घनमीटरहून जास्त हवा ओढतं.

फिल्टर म्हणजे अडथळा. अडथळ्यामुळे त्याच्या मागचा दाब थोडा कमी होतो, दाब कमी म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणारी हवा कमी, हवा कमी म्हणजे ताकद कमी. कोन फिल्टर विकणाऱ्यांचं म्हणणं इथून सुरू होतं आणि इथपर्यंत ते खरंच आहे. पुढचा प्रश्न ‘किती’ हा आहे.

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब साधारण ९५-९६ किलोपास्कल धरू. समजा नव्या फिल्टरने पूर्ण थ्रॉटलवरचा अडथळा १ किलोपास्कलने कमी केला. हे मी हात सैल सोडून धरतोय. इंजिनची ताकद वेगवेगळ्या हवामानात मोजली तर एकमेकांशी ताडून बघण्यासाठी आयएसओ १५८५ या मानकात एक सूत्र आहे. पेट्रोल इंजिनासाठी त्यात दाबाचा घात १.२ आणि केल्व्हिनमधल्या तापमानाचा घात ०.६ घेतलाय. त्या हिशोबाने १ किलोपास्कलचा फायदा सव्वा टक्क्याच्या आसपास येतो. पन्नासएक अश्वशक्तीच्या गाडीत तो अर्ध्याहून किंचित जास्त अश्वशक्ती.

आता तापमान घ्या. मूळ डब्याला एक सोंड असते, ती बॉनेटच्या कडेची, त्यातल्या त्यात थंड हवा ओढते. डबा काढून उघडा कोन लावला की तो इंजिनाच्या शेजारची गरम हवा ओढतो. बाहेर ४३ अंश, बॉनेटखाली समजा ६८ अंश. केल्व्हिनमध्ये ३१६ आणि ३४१. हवेची घनता सात टक्क्यांनी उतरली. सूत्रातला ०.६ चा घात लावला तर ताकदीतली घट साडेचार टक्के. म्हणजे सव्वा टक्का कमावला आणि साडेचार घालवले. गाडी हायवेला लागली, समोरून वारा मिळाला की बॉनेटखालचं तापमान उतरतं आणि ही घट कमी होते, हे खरं. पण दत्त चौकात पाच मिनिटं अडकून पुढे निघालात तर त्या क्षणी गाडी आधीपेक्षा मंदच असणार.

मग लोक ‘गाडी उडते’ का म्हणतात? एका गॅरेजवाल्याने मला याचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं: ‘भाऊ, आवाज पाय ना, आवाज!’ मूळ डबा नुसता फिल्टर धरून ठेवत नाही, तो इंजिनाच्या श्वासाचा आवाजही गिळतो. डबा गेला की ॲक्सिलरेटर दाबताक्षणी घरघर थेट कानात येते आणि आवाज वाढला की वेग वाढला असं आपल्याला वाटतं. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी दिली की खोटी हे कळू देत नाहीत. इथे ड्रायव्हरला न कळू देणं शक्यच नाही, गाडी स्वतःच ओरडून सांगते. म्हणून ‘ड्रायव्हरचं मत’ हा रकाना तुमच्या तक्त्यात असू द्या, पण त्यावर निष्कर्ष उभा करू नका.

आधी-नंतरचा सापळा

सगळ्यात जास्त सिनॉप्सिस इथे पडतात. आधी गाडी चालवून बघितली, फिल्टर बदलला, पुन्हा चालवून बघितली, फरक लिहिला. आता ‘आधी’ काय होतं ते विचारा. तीन वर्षं न बदललेला, धुळीने बुजलेला कागदी फिल्टर. ‘नंतर’ काय? कोरा करकरीत कोन. तुलना कोनाची आणि कागदाची झालीच नाही, ती नव्याची आणि जुन्याची झाली. दोनअडीचशे रुपयांत मिळणारा नवा कागदी फिल्टर टाकला असता तरी गाडी मोकळी झाली असती. शिवाय गॅरेजला गाडी लावली की त्याच दिवशी प्लग साफ होतात, ऑईल बदलतं, टायरात हवा भरली जाते. श्रेय मात्र सगळं फिल्टरला.

ऋतूचंही तेच. डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांत आणि मे महिन्यात ४३ अंशांत तीच गाडी, तोच फिल्टर घेऊन चालवली तर वरच्या सूत्राने ताकदीत सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. तुम्ही शोधताय तो सव्वा टक्का. मे मध्ये ‘आधी’ आणि डिसेंबरात ‘नंतर’ मोजलं, तर नुसती काठी लावली असती तरी ती यशस्वी ठरली असती.

यावर उतारा आहे. एकाच दिवशी, एकाच रस्त्याच्या तुकड्यावर, कागदी-कोन-कोन-कागदी अशा क्रमाने मोजायचं. दिवस चढतो तशी हवा तापते, इंजिन तापतं, टाकी रिकामी होते. हा सगळा सरकता बदल या क्रमात दोन्ही बाजूंना जवळपास सारखा वाटला जातो. कागदी फिल्टर नवा, कोनही नवा. बाकी कशाला हात लावायचा नाही.

एवढं करूनही किती वेळा मोजायचं? समजा तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० ला जायला गाडीला १२ सेकंद लागतात आणि तीच फेरी पुन्हा पुन्हा केली की वेळ ०.३ सेकंदाने इकडेतिकडे होतो (वारा, चढ, ड्रायव्हरचा पाय). एक टक्क्याचा फरक म्हणजे ०.१२ सेकंद. संख्याशास्त्रात एक कामचलाऊ नियम आहे: विखुरलेपणाला अपेक्षित फरकाने भागा, वर्ग करा, १६ ने गुणा. ०.३ भागिले ०.१२ म्हणजे अडीच, वर्ग सव्वासहा, गुणिले १६ म्हणजे १००. प्रत्येक फिल्टरच्या शंभर फेऱ्या! दोन्हीच्या मिळून दोनशे. वडील गाडी परत मागतील.

गंमत म्हणजे तोटा तीन टक्के असेल तर हाच हिशोब अकरा-बारा फेऱ्यांत सुटतो. फायदा सिद्ध करणं महाग आणि तोटा सिद्ध करणं स्वस्त अशी ही जागा आहे, आणि हे फेऱ्या मारण्याआधी कागदावर कळतं. आरआरसीपुढे जाताना हे गणित करून गेलात तर निम्मे प्रश्न विचारलेच जाणार नाहीत.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: जे मोजायचंय त्याच्या जवळ जा. फिल्टरचा परिणाम गाडीच्या वेगात शोधायला गेलात तर वाटेत वारा, रस्ता, टायर, पाय सगळे आडवे येतात. फिल्टर बदलतो तो दाब. मग दाबच मोजा. गवंडी लेव्हल बघायला वापरतो ती पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू सारखी वाकवून मीटरभर उंच पट्टीवर बांधा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं ठेवा, दुसरं टोक फिल्टरच्या पुढच्या पाईपमध्ये टी लावून जोडा. पूर्ण थ्रॉटलवर दोन बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटर फरक पडला की झाला १ किलोपास्कल. वाचन शेजारी बसलेल्याने घ्यायचं, ड्रायव्हरने नाही. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: टी नेहमी फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधे. थ्रॉटलच्या पलीकडे जोडलात तर तिथली ओढ इतकी मोठी असते की नळीतलं सगळं पाणी इंजिनात जाईल.

या नळीने कदाचित असंही दिसेल की नवा कागदी आणि नवा कोन यांच्यात दोन-तीन सेंटिमीटरचाच फरक आहे. तसं दिसलं तर तोच निष्कर्ष लिहायचा.

मायलेजचं थोडक्यात सांगतो. पेट्रोल इंजिनात रोजच्या चालवण्यात थ्रॉटलची चकती अर्धवट मिटलेली असते आणि ती स्वतःच फिल्टरच्या कित्येक पट मोठा अडथळा असते. नळावर तोटी अर्धी बंद असताना पाईप रुंद करून पाणी वाढत नाही, तसंच हे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मुद्दाम बुजवलेले फिल्टर लावून तपासलं, तेव्हा मायलेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. पिकअप मात्र पडला. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत बुजलेला फिल्टर बदलल्याने मायलेज थोडं सुधारतं. झेन १९९३ ला आली तेव्हा कार्ब्युरेटरची होती, नंतर एमपीएफआय झाली. म्हणजे ‘झेन’ एवढं लिहून भागत नाही, कोणतं इंजिन ते लिहावं लागतं.

आणि आता धूळ

माझ्या मते यवतमाळसाठी खरा प्रश्न हाच. फिल्टर हवा आत घेण्यासाठी बसवलेला नसतो, हवा तर तो काढून टाकला तरी येते. तो धूळ बाहेर ठेवण्यासाठी असतो. मग त्याची परीक्षा हवेवर घेऊन धुळीत सोडून देणं म्हणजे वॉचमनला धावण्याच्या शर्यतीवर नोकरी देणं.

फिल्टरच्या खोक्यावर कार्यक्षमता टक्क्यांत लिहिलेली असते. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. कोन फिल्टर बहुतेक वेळा तेल लावलेल्या सुती जाळीचे असतात. (हो, कापसाचे. कापूस आपल्याकडे पिकतो आणि फिल्टर होऊन कॅलिफोर्नियाहून परत येतो, हा विनोद मी आता थांबवलाय.) त्यांचे उत्पादक साधारण ९६ ते ९९ टक्के सांगतात. समजा कागदी ९९.५ आणि सुती ९७.५. फरक किती? वर्गात विचारलं की बहुतेक जण ‘दोन टक्के’ म्हणतात. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी घेणंदेणं नाही, आत गेलेल्या धुळीशी आहे. ती एकीकडे ०.५ टक्के आणि दुसरीकडे २.५. पाचपट. तोच आकडा, नुसती बाजू बदलली.

ग्रॅममध्ये मांडू. हजार लिटर पेट्रोल जाळलं, म्हणजे १०,००० घनमीटर हवा आली. त्यात सरासरी घनमीटरला १ मिलिग्रॅम धूळ धरली तर फिल्टरवर १० ग्रॅम येऊन आदळली. कागदी असेल तर आत ०.०५ ग्रॅम, सुती असेल तर ०.२५ ग्रॅम. वणीकडे कोळशाच्या ट्रकमागे, किंवा काम चालू असलेल्या कच्च्या वळणरस्त्यावर धुळीचं प्रमाण याच्या कित्येक पट असतं. तिथे हे आकडेही तितकेच वाढवा. आत गेलेली ही धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधल्या ऑईलच्या थरात बसते. तो थर काही मायक्रॉनचा. साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण तिथे सॅंडपेपरचं काम करतात. परिणाम लगेच दिसत नाही, काही हजार किलोमीटरनंतर गाडी ऑईल खायला लागते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन काम मागते’. तेव्हा फिल्टर कुणाला आठवत नाही.

इथे एक उलट वाटणारी गोष्ट. कागदी फिल्टर नवा असताना सगळ्यात कमी अडवतो. वर थोडी धूळ बसली की ती धूळच गाळणी होते आणि अडवणं सुधारतं. म्हणून दर आठवड्याला कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर ‘साफ’ करणं हे इंजिनाचं लाड नाही, उलटंच आहे.

आता संशोधक म्हणून पुढचा प्रश्न विचारा: ही कार्यक्षमता कोणत्या धुळीवर मोजली? चाचणीचं मानक आहे आयएसओ ५०११, आणि त्यातली धूळ ॲरिझोनाच्या वाळवंटी मातीपासून ठरवलेली आहे, तिच्यात दोन तृतीयांशांहून जास्त सिलिका. चाचणीत ती घनमीटरला १ ग्रॅम या दराने सोडतात, म्हणजे मी वर धरलेल्या दराच्या हजारपट. आपली काळी माती बेसॉल्टची, चिकणमातीची, तिचे बरेचसे कण २ मायक्रॉनहूनही बारीक. वणीच्या बाजूला कोळसा आणि चुनखडी. आणि हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत उडणारा कापसाचा तंतू, जो उघड्या कोनावर बाहेरूनच गोधडीसारखा बसू शकतो. डब्यातल्या फिल्टरला निदान सोंडेचं वळण आडवं येतं. ॲरिझोनाच्या धुळीवरचा निकाल पांढरकवड्याच्या रस्त्याला जसाच्या तसा लागू करायचा का, हा प्रश्न जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने विचारायचा नाही तर कुणी?

याचं एक जुनं उत्तर शेतात उभं आहे. जुन्या ट्रॅक्टरला ऑईल बाथ फिल्टर असतो: हवा आधी गोल फिरते, जड धूळ कडेला पडते, मग हवा तेलावर आपटून जाळीतून जाते. वखरणीच्या धुळीत कित्येक वर्षं ही यंत्रं चालली, ती शोभेच्या फिल्टरवर नाही.

एवढं वाचूनही बसवायचाच असेल तर नीट बसवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डबा काढताना त्याला जोडलेला ब्रीदरचा पाईप सोडून देऊ नका. तो नव्या पाईपला फिल्टरच्या पुढे जोडावा लागतो, उघडा राहिला तर त्यातूनच न गाळलेली हवा आत जाते. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर डब्यावर असेल तर त्यालाही नवी जागा द्या. कोन आणि इंजिन यांच्यामधे पत्र्याचा आडोसा करा, नाहीतर साडेचार टक्क्यांचं गणित वर आहेच. जाळीला तेल बेताचं लावा. हॉट वायरचा सेन्सर असलेल्या गाडीत जास्तीचं तेल त्या तारेवर जाऊन बसतं. थंड हवेच्या मोहात पाईप खाली बंपरमागे नेऊ नका. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जात असताना ते पाणी थेट सिलिंडरमध्ये ओढलं जातं, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि मूळ डबा भंगारात देऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिल्यापासून गाडीतल्या बदलांकडे कडक नजरेने बघितलं जातं, आणि पंधरा वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी आरटीओसमोर उभी करावीच लागते.

बसवल्यावर पाचशे किलोमीटरनी फिल्टर काढा आणि त्याच्या पुढच्या पाईपमध्ये आतून पांढरं फडकं फिरवा. आधी कागदी फिल्टर असताना त्याच रस्त्यावर, तितक्याच किलोमीटरनंतर हेच केलेलं असायला हवं. दोन्ही फडकी तारीख टाकून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. वजन करायला मिलिग्रॅमचा तराजू लागेल, तो कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत मिळतो. फडक्यांचं कोरं वजन मात्र आधीच करून ठेवायला विसरू नका.